घरट्यावरचा कॅमेरा आणि बघणाऱ्याचे हात

मार्च २०२५च्या मध्यावर कॅलिफोर्नियातल्या बिग बेअर तळ्याच्या परिसरात मोठं हिमवादळ आलं. तळ्याजवळच्या एका जेफ्री पाइनच्या झाडावर, जमिनीपासून सुमारे १४५ फुटांवर, बाल्ड ईगलची एक मादी तीन पिल्लांना पोटाखाली घेऊन बसली होती. तिचं नाव जॅकी. पिल्लं ३, ४ आणि ८ मार्चला अंड्यातून बाहेर आलेली, म्हणजे सगळ्यात धाकटं जेमतेम आठवड्याचं. अंगावर नुसती करडी लव. वादळ ओसरलं तेव्हा घरट्यात दोनच पिल्लं चोच वर करत होती.

हे सगळं जगभरातले हजारो लोक थेट बघत होते. ‘फ्रेंड्स ऑफ बिग बेअर व्हॅली’ या संस्थेने २०१५ साली इथे कॅमेरा बसवला. तो दिवसरात्र चालतो, अंधारात इन्फ्रारेडने दाखवतो आणि जगात कुणीही ते चित्र फोनवर उघडू शकतं. तिकडची रात्र म्हणजे आपला दिवस. त्यामुळे पुण्यात ऑफिसात बसून एका खिडकीत कोड आणि दुसऱ्या खिडकीत बर्फात बसलेली जॅकी, असं मीही कित्येकदा केलं आहे.

घरट्यात काही वाईट घडू लागलं की बघणाऱ्यांची एकच मागणी वेगवेगळ्या शब्दांत सुरू होते. कुणीतरी काहीतरी करा. कॅमेरा पोचतो तर माणूस का पोचत नाही? एवढे लोक बघत असताना एक जीव गारठून मरतो, तर मग बघण्याचा उपयोग काय?

हा प्रश्न भाबडा म्हणून सोडून देता येत नाही. जे आपल्या डोळ्यांसमोर घडतं आणि तरी आपण थांबवत नाही, त्याची जबाबदारी आपल्यावर किती येते? आपल्या पिढीचा रोजचा बराच वेळ दूरवरच्या गोष्टी बघण्यात जातो. म्हणून हा प्रश्न त्या एका झाडापुरता राहत नाही.

आधी, हस्तक्षेप का करत नाहीत ते बघू. अमेरिकेत बाल्ड ईगलला १९४०पासून कायद्याचं संरक्षण आहे. घरट्यावरच्या पक्ष्यांना त्रास देणं हाही गुन्हा. कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार अवघड आहे. माणूस झाडावर चढला की आईबाप उडून जातात, आणि थंडीत लहान पिल्लांच्या अंगावरून ऊब गेली की राहिलेलीही धोक्यात येतात. पिल्लं मोठी असतील तर घाबरून, पंखांत बळ येण्याआधीच, ती उडी मारू शकतात.

२०१४ साली मिनेसोटा राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या कॅमेऱ्यावर ‘स्नॅप’ नावाचं पिल्लू जायबंदी झालेलं दिसलं. विभागाने आधी सांगितलं, निसर्गाला त्याचं काम करू द्या. लोकांचा दबाव इतका वाढला की शेवटी पिल्लू खाली आणलं गेलं. तपासल्यावर कळलं की पंख मोडला आहे आणि संसर्ग अंगभर पसरला आहे. त्याला दयामरण द्यावं लागलं. लोकांनी मागितलं ते झालं, आणि तरीही पिल्लू गेलं. मला वाटतं त्या दबावात पिल्लाच्या वेदनेइतकीच आपली वेदनाही होती. आपल्याला ते बघवत नव्हतं. ‘त्याचं दुःख थांबवा’ आणि ‘माझ्यासमोरून हे दुःख हटवा’ ही दोन वाक्यं आतून एकसारखीच ऐकू येतात.

दोन वर्षांनी पिट्सबर्गमध्ये याच्या उलट झालं. दीडशेहून अधिक वर्षांनी त्या शहरात बाल्ड ईगलनी घरटं केलं होतं, त्यामुळे लोकांना त्याचं भारी कौतुक. एप्रिल २०१६मध्ये आईबापांनी त्या घरट्यात पिल्लांना भरवायला एक मांजर आणलं. थेट प्रक्षेपणात. लोक हादरले. कॅमेरा चालवणाऱ्या ऑडुबॉन सोसायटीला समजावून सांगावं लागलं की आपल्याला मांजर म्हणजे घरचं माणूस वाटलं तरी गरुडाला ते पिल्लांचं जेवण आहे. त्याआधी त्याच घरट्यात मासे, खारी आणि ससे येत होते तेव्हा कुणी रडलं नव्हतं.

इथे मला शिबी राजा आठवतो. महाभारतातली ही गोष्ट लहानपणी आपल्याला त्यागाची गोष्ट म्हणून सांगतात. ससाण्याला घाबरून कबुतर राजाच्या आश्रयाला येतं, राजा त्याला अभय देतो, आणि कबुतराच्या भारंभार स्वतःच्या मांडीचं मांस कापून देतो. पण त्या गोष्टीतलं सगळ्यात धारदार बोलणं ससाण्याचं आहे. तो म्हणतो, हे माझं अन्न आहे. ते तू काढून घेतलंस तर मी मरेन आणि माझ्यामागे माझी बायकापोरं मरतील. एकाला वाचवताना तू किती जणांना मारतो आहेस? राजाकडे यावर उत्तर नाही. म्हणून तर तो तराजू मागवतो.

वाचवणं फुकट नसतं, हे त्या राजाला कळलं होतं. दया दाखवायची तर तिची किंमत कुणीतरी मोजणार. ती ससाण्याच्या पिल्लांनी मोजावी हे त्याला पटलं नाही, म्हणून त्याने स्वतःच्या अंगातून मोजली. आपण चॅटमध्ये ‘काहीतरी करा’ लिहितो तेव्हा आपल्या अंगातून काही जात नाही. जाईल ते माशाचं, सशाचं, उरलेल्या दोन पिल्लांचं. म्हणून घरट्याच्या बाबतीत हात मागे ठेवणं हे मला निर्दयपणाचं वाटत नाही. ज्या हिशोबात आपण काहीच भरत नाही, त्यात ढवळाढवळ न करणं हा साधा प्रामाणिकपणा आहे.

मग नुसतं बघायचं? ब्रिटिश तत्त्वज्ञ आणि कादंबरीकार आयरिस मर्डॉक यांच्या १९७०च्या ‘द सॉव्हरिन्टी ऑफ गुड’ या पुस्तकात यावर एक सुंदर विचार आहे. त्या म्हणतात, समजा मी खिडकीतून बाहेर बघते आहे. कुणीतरी माझा अपमान केलाय, मी मनातल्या मनात धुमसते आहे. अचानक एक केस्ट्रेल, म्हणजे ससाण्याच्या कुळातला छोटा शिकारी पक्षी, हवेत एका जागी तरंगताना दिसतो. त्या क्षणी सगळं बदलतं. दुखावलेला ‘मी’ नाहीसा होतो. उरतो फक्त केस्ट्रेल. मर्डॉकबाईंच्या मते नीट बघणं ही नैतिक गोष्ट आहे, कारण त्यात स्वतःचा फुगलेला आकार थोडा कमी होतो.

घरट्यावरच्या कॅमेऱ्याने हे माझ्या बाबतीत अनेकदा केलं आहे. गरुड अंड्यांवर बसतो तेव्हा तासन्‌तास काहीच घडत नाही. वारा येतो, काटकी हलते, तो उठून चोचीने अंडी हलकेच फिरवतो, परत बसतो. फोनवर असं काही बघायला मिळणं, जिथे पुढच्या तीन सेकंदांत काहीही होणार नाही, हीच मोठी गोष्ट आहे.

पण त्या केस्ट्रेलला नाव नव्हतं आणि मर्डॉकबाईंच्या खिडकीखाली चॅट चालू नव्हतं. आपल्या घरट्याखाली असतं, आणि त्या वाटेने ‘मी’ हळूच परत येतो. २०२४च्या फेब्रुवारीत जॅकी वादळात जवळपास ६२ तास सलग तीन अंड्यांवर बसून राहिली. त्या वर्षी एकही अंडं फुटलं नाही. लोकांनी त्यात आईची माया वाचली, श्रद्धा वाचली, हार न मानणं वाचलं. तिला काय वाटत होतं ते आपल्याला माहीत नाही. माहीत आहे ते इतकंच, की ती बसली होती. जॅकी आणि तिचा जोडीदार शॅडो यांना लोक आदर्श जोडपं म्हणतात. पण शॅडो २०१८मध्ये या घरट्यावर आला तेव्हा जॅकीला आधीचा जोडीदार होता. काही काळाने तो निघून गेला आणि शॅडो राहिला. माणसांच्या मालिकेत यावर दोनशे भाग झाले असते. आपण आपल्याला हवं ते घरट्यात ठेवतो आणि मग तेच तिथे सापडलं म्हणून खूश होतो. ‘बाल्ड’ या शब्दाचंही तसंच आहे. टक्कल समजून आपण हसतो, प्रत्यक्षात जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ पांढऱ्या डोक्याचा असा होता.

इथपर्यंत असं वाटेल की निष्कर्ष सोपा आहे. निसर्ग आहे, त्याच्या नियमाने चाललाय, आपण हात जोडून बघावं. पण या युक्तिवादाला एक मोठं भोक आहे. ते घरटं आज तिथे आहे, तेच मुळात माणसाच्या हस्तक्षेपामुळे.

चार्ल्स ब्रोली नावाचे कॅनडातले एक निवृत्त बँक व्यवस्थापक १९३९पासून फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर एक विचित्र काम करत होते. दोरांच्या साहाय्याने उंच झाडांवर चढायचं आणि बाल्ड ईगलच्या पिल्लांच्या पायात ओळखीची कडी घालायची. दहाएक वर्षांत त्यांनी हजाराहून अधिक पिल्लांना कड्या घातल्या. त्यांच्याकडे कॅमेरा नव्हता, वही होती. १९४७च्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं की पिल्लं कमी होत चालली आहेत. घरटी आहेत, पक्षी आहेत, पण पिल्लं नाहीत. रॅचेल कार्सन यांनी १९६२च्या ‘सायलेंट स्प्रिंग’मध्ये ब्रोलींच्या नोंदी वापरल्या.

कारण पुढे स्पष्ट झालं. शेतात आणि दलदलींवर फवारलेलं डीडीटी पाण्यातून माशांत आणि माशांतून गरुडांत साठत होतं. त्याच्या अंशामुळे अंड्याचं कवच पातळ होई आणि उबवायला बसलेल्या आईच्याच वजनाने अंडं फुटे. १९६३ साली अलास्का आणि हवाई सोडून उरलेल्या अमेरिकेत बाल्ड ईगलच्या फक्त ४१७ जोड्या नोंदल्या गेल्या. १९७२मध्ये डीडीटीवर बंदी आली. २००७मध्ये हा पक्षी धोक्यात असलेल्या प्रजातींच्या यादीतून बाहेर पडला. २०२१मध्ये जाहीर झालेल्या सरकारी अंदाजानुसार त्याच भागात ७१,४०० जोड्या होत्या.

१९५० साली एखाद्या घरट्यावर कॅमेरा असता तर आपण काय बघितलं असतं? एक आई बसली आहे. अंडं फुटलं. ती परत बसली. आपण हळहळलो असतो, ‘निसर्ग क्रूर आहे’ असं लिहिलं असतं, आणि ते वाक्य साफ खोटं ठरलं असतं. क्रूर निसर्ग नव्हता. फवारणीचा पंप होता, आणि तो फ्रेमच्या बाहेर होता.

ब्रोली आणि आपण, दोघेही बघणारेच. पण ते नुसते त्या घरट्याकडे बघत नव्हते. या वर्षी किती, गेल्या वर्षी किती, असं ते मोजत होते. एका पिल्लाच्या दुःखातून प्रश्नापर्यंत जायला हळहळ पुरत नाही, वही लागते.

आजही तो पंप वेगळ्या रूपात चालू आहे. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास छापून आला. त्यात ३८ राज्यांतले १,२१० बाल्ड आणि गोल्डन ईगल तपासले होते. जवळपास निम्म्या पक्ष्यांच्या शरीरात दीर्घकाळ साठलेल्या शिशाची विषबाधा आढळली. शिकारी शिशाच्या गोळीने हरीण मारतो, आतडी जंगलात टाकतो, त्यातले शिशाचे बारीक कण गरुडाच्या पोटात जातात. कॅलिफोर्नियात २०१९पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर बंदी आहे, बहुतेक राज्यांत अशी सरसकट बंदी नाही. आणि बिग बेअरच्याच तळ्याकाठी, ‘मून कॅम्प’ नावाच्या जागेवर घरांचे ५० प्लॉट आणि बोटींचा धक्का बांधण्याचा प्रस्ताव आहे. त्याविरुद्ध हीच कॅमेरावाली संस्था वर्षानुवर्षं लढते आहे. त्या लढाईत रात्रभर बघत बसण्यासारखं काही नाही. त्यात अर्ज आहेत, सुनावण्या आहेत, वकिलांची बिलं आहेत.

तर बघणाऱ्याच्या जबाबदारीचा माझा नियम साधारण असा बनत गेला. जे दुःख वादळाचं, भुकेचं, भावंडांच्या भांडणाचं आहे, त्यात आपला हात नाही, तिथे तो घालू नये. जे दुःख माणसाच्या हातातून त्या घरट्यात पोचलं आहे, तिथे ‘निसर्गाला त्याचं काम करू द्या’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. तिथे आपण प्रेक्षक नसतोच, पक्षकार असतो.

हा नियम सगळीकडे चपखल बसत नाही, हेही सांगायला हवं. एकदा नैऋत्य फ्लोरिडातल्या एका घरट्यातल्या दोन पिल्लांचे डोळे संसर्गाने चिकटून बंद झाले. वन्यजीव अधिकाऱ्यांच्या परवानगीने ती खाली आणली गेली, औषध दिलं गेलं, काही दिवसांनी घरट्यात परत ठेवली गेली आणि आईबापांनी त्यांना स्वीकारलं. संसर्ग काही माणसाने लावलेला नव्हता. माझ्या नियमाने तिथे हात घालायला नको होता. तरी त्यांनी केलं ते चूक होतं असं मला म्हणवत नाही. पण फरक बघा. तिथे उपाय माहीत होता, तो करणारे जाणकार होते, परवानगी होती, आणि चुकलं तर उत्तर द्यायची जबाबदारीही त्यांच्यावर होती. शिबीच्या तराजूत त्यांनी काहीतरी घातलं होतं.

आता ज्या गोष्टीची मला खरी भीती वाटते तिच्याकडे येतो. घरट्यासमोर आपण संयम शिकतो. हात मागे, डोळे उघडे. पण ज्या अंगठ्याने आपण घरटं उघडतो त्याच अंगठ्याने पुढची रील येते, आणि तिच्यात रस्त्यावर पडलेला मोटारसायकलवाला असतो, भोवती दहा फोन. त्या दहा जणांची मुद्रा माझ्या ओळखीची आहे. आपण कॅमेऱ्यामागे आहोत, हे आपल्या हातात नाही, कुणीतरी काहीतरी करेल. घरट्यासमोर ही मुद्रा बरोबर होती, कारण तिथे आपल्याकडे पोच नव्हती, ज्ञान नव्हतं, हक्क नव्हता. रस्त्यावर तिन्ही आहेत. फोन आहे, रुग्णवाहिकेचा नंबर आहे, आणि मदत करणाऱ्याला पोलिसांचा जाच होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये मान्य केलेली मार्गदर्शक तत्त्वं आणि २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेलं कलमही आहे. तिथे हात मागे ठेवणं हा संयम नाही. तो तयार सापडलेला बहाणा आहे.

बघण्याची सवय एकच असते, म्हणून ती कुठे लावायची हे दर वेळी नव्याने ठरवावं लागतं. मी समोरच्या दृश्यापासून खरंच लांब आहे, की फोनने मला लांब असल्यासारखं वाटतंय? एवढा एक प्रश्न विचारला तरी बराच गोंधळ कमी होतो.

आणि जे कॅमेऱ्यात नाही त्याचं काय? डीडीटीची गोष्ट आपल्याकडेही घडली, फक्त विषाचं नाव वेगळं होतं. गुरांना वेदनाशामक म्हणून दिलं जाणारं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांत जाई आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. १९९०च्या दशकापासून पुढच्या पंधराएक वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००६मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. एवढा मोठा संहार झाला, पण त्यातल्या एकाही पिल्लाचं नाव कुणाला माहीत नाही. कुणी शाळेतल्या मुलांकडून ती नावं ठेवून घेतली नाहीत. गिधाडाचा चेहरा स्टिकरवर शोभत नाही. रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळच्या चिरगावात लोकांनी गिधाडांची घरटी असलेली झाडं राखली, ती कुठल्याही थेट प्रक्षेपणाशिवाय.

म्हणून मला कॅमेरा नको आहे असं नाही. बिग बेअरच्या तिसरीतल्या मुलांनी त्या दोन वाचलेल्या पिल्लांची नावं निवडली, सनी आणि गिझ्मो. ती पहिलीवहिली नावं ऐकताना मलाही बरं वाटलं. गेलेल्या पिल्लालाही नंतर मिस्टी हे नाव मिळालं. एका पक्ष्यावर जीव जडला तर अशा पक्ष्यांवर जडायची शक्यता असते. पण ती नुसती शक्यता आहे. पुढचं पाऊल आपोआप पडत नाही.

जून २०२५मध्ये सनी आणि गिझ्मो उडाली. बाल्ड ईगलचं डोकं पांढरं व्हायला साधारण पाच वर्षं लागतात. तोवर तो तपकिरी, चट्ट्यापट्ट्यांचा, साधासा मोठा पक्षी असतो. जगली वाचली तर २०३०च्या सुमारास ती कुठल्यातरी तळ्यावर पांढऱ्या डोक्याने बसलेली असतील आणि समोरच्या माणसाला ती कोण हे बहुधा कळणार नाही. त्याच्यासाठी तो एक बिननावाचा गरुड असेल, ज्याला स्वच्छ मासा हवा, उभं झाड हवं आणि शिसं नसलेलं मांस हवं. आपण खरंच काही बघितलं होतं की नाही, ते त्या बिननावाच्या गरुडाला काय मिळतं यावरून ठरेल.